जास्त वजन आणि 'हिट' व्यायाम: चढ, वेग, नाडी, गुडघे

पट्टाचालक

हाय इंटेंसिटी इंटरव्हल, म्हणजे बोलीभाषेतलं 'हिट' (थोडा वेळ जोर, थोडा वेळ आराम अशा फेऱ्यांचा व्यायाम), यावर बोलणं निघालं की बर्पी, उड्या आणि जमिनीवर आपटणारी माणसंच डोळ्यांसमोर येतात. ९५-१०० किलोच्या, वर्षानुवर्षं व्यायाम न केलेल्या माणसाला हे करायला लावलं तर तिसऱ्या दिवशी गुडघा तरी धरतो, नाहीतर उत्साह तरी मावळतो. म्हणून उड्या पूर्ण वगळून फक्त ट्रेडमिलवर चालत करायचा आराखडा मांडतोय. त्यातल्या त्रुटी काढा.

आधीची अट: सपाटीवर सलग २० मिनिटं चालता आलं पाहिजे. येत नसेल तर आधी तेवढंच, दोन-तीन आठवडे.

आठवडा १-२: ५ मिनिटं सावकाश, मग ३० सेकंद जोर आणि ९० सेकंद आराम अशा ६ फेऱ्या.
आठवडा ३-४: १ मिनिट जोर, २ मिनिटं आराम, ६ फेऱ्या.
आठवडा ५-६: १ मिनिट जोर, दीड मिनिट आराम, ८ फेऱ्या.
आठवडा ७ पासून: १ मिनिट जोर, १ मिनिट आराम, १० फेऱ्या.

शेवटी ४-५ मिनिटं सावकाश चाल. आठवड्यातून तीन वेळा, मध्ये निदान एक दिवस सोडून. जोराच्या मिनिटात वेग तोच ठेवून फक्त चढ वाढवायचा, आरामाच्या मिनिटात चढ शून्य.

आकडेमोड

आराखडा पटला, विशेषतः वेगाऐवजी चढ वाढवणं. ते का चालतं, ते आकड्यांत दाखवतो. चालण्याला लागणाऱ्या प्राणवायूचं नेहमी वापरलं जाणारं सूत्र असं: वेग (मीटर प्रति मिनिट) गुणिले ०.१, अधिक वेग गुणिले चढ गुणिले १.८, अधिक ३.५. उत्तर येतं दर किलो वजनामागे दर मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू लागतो ते. चढ दशांशात धरायचा, म्हणजे ६ टक्के म्हणजे ०.०६.

ताशी ५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ८३.३ मीटर. मग,
सपाटीवर: ११.८
४ टक्के चढाला: १७.८
६ टक्क्यांना: २०.८
१० टक्क्यांना: २६.८
१२ टक्क्यांना: २९.८

पळण्याचं सूत्र वेगळं आहे. त्यानुसार सपाटीवर ताशी ८ ने पळायला ३०.२ लागतात. म्हणजे ५ च्या वेगाने १२ टक्के चढ चढणारा माणूस हृदय-फुप्फुसांना जवळजवळ तेवढंच काम देतो, आणि त्याचा एक पाय सतत पट्ट्यावर असतो. पळताना दोन्ही पाय हवेत जातात आणि खाली येताना वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोराने आदळतात.

आता दुसरी बाजू. बैठ्या, स्थूल माणसाची कमाल प्राणवायू क्षमता (दर किलोमागे मिनिटाला शरीर जास्तीत जास्त वापरू शकतं तो प्राणवायू) २४ मिलिलिटर असेल (असे पुष्कळ असतात), तर २०.८ म्हणजे त्याच्या क्षमतेचे ८७ टक्के. त्याच्यासाठी ५ चा वेग आणि ६ चा चढ हेच 'हाय इंटेंसिटी'. शेजारच्या पट्ट्यावर कोणी १२ ने धावत असेल तर धावू दे.

सांधेवाला

वर एक महत्त्वाची गोष्ट राहिली. चढाने गुडघा वाचतो, पण भार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा दोर, टेंडन) जातो. बैठ्या माणसाची पोटरी आखडलेली असते. त्याला पहिल्याच आठवड्यात ८-१० टक्के चढ दिला तर टाचेमागे दुखतं किंवा तळव्याला टाचेजवळ कळ येते. ओळखायची खूण म्हणजे सकाळी उठल्यावरचं पहिलं पाऊल. ते दुखरं असेल आणि दहा-बारा पावलांनी सैल पडत असेल तर चढ निम्मा करा.

म्हणून पहिले दोन आठवडे ३-४ टक्क्यांच्या वर जाऊ नये, दम कमी लागला तरी. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत जुळवून घेतात, शिरांना महिने लागतात.

गुडघ्यांचं म्हणाल तर, गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल व्यक्तींवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की वजन १ किलोने उतरलं की चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने उतरतो. उलट बाजूने वाचलं की उड्या का नकोत ते कळतं.

दम_लागला

>> जोराच्या मिनिटात वेग तोच ठेवून फक्त चढ वाढवायचा

दोन व्यवहारातल्या अडचणी.

एक, पट्टा चढ घ्यायला वेळ लावतो. बटण दाबलं आणि मिनिट मोजायला लागलं, तर त्यातला मोठा भाग पट्टा वर जाण्यातच संपतो. बटण आधी दाबा आणि चढ पूर्ण झाला की घड्याळ लावा. ३० सेकंदांच्या फेऱ्यांत हा घोळ फार जाणवतो. तिथे चढ ३ वर कायम ठेवून वेग ४ वरून ५.५ करणं सोपं जातं.

दोन, समोरचा दांडा. चढ वाढला की माणूस दांडा धरून मागे रेलतो. शरीर पट्ट्याला काटकोनात आलं की चढ नावापुरताच उरतो. पडद्यावर १० टक्के दिसतात आणि पाय सपाटीसारखेच चालतात. तोल जाण्याची भीती असेल तर बोटं नुसती टेकवा, मूठ आवळायची नाही. मूठ आवळावी लागतेय म्हणजे चढ जास्त झाला, २ ने कमी करा.

आणि सुरक्षेची क्लिप कपड्याला लावा. फेरी संपली म्हणून चालत्या पट्ट्यावरून बाजूच्या कडांवर उडी मारून उभं राहण्याची खोड अनेकांना असते. दमलेल्या पायांनी ते करू नये.

नाडीपरीक्षा

तीव्रता मोजायची कशी, यावर इथे कोणीच बोललं नाही.

कमाल नाडीसाठी २२० वजा वय हे सगळ्यांना पाठ असतं. २००१ मधलं दुसरं सूत्र २०८ वजा (०.७ गुणिले वय) असं आहे. पंचेचाळिशीला दोन्हींत फारसा फरक नाही (१७५ आणि १७६.५), साठीला १६० आणि १६६. पण कुठलंही सूत्र घ्या, एखाद्या माणसाची खरी कमाल नाडी त्यापेक्षा १०-१२ ठोके इकडेतिकडे सहज असू शकते. तेव्हा '८५ टक्के म्हणजे १५० च' असं धरून बसू नये.

मिनिटभराच्या फेरीत नाडी मागून येते, हा दुसरा घोळ. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ती लक्ष्याला पोचतच नाही. मग माणूस चढ वाढवतो आणि सहाव्या फेरीत कोसळतो. आकडा चौथ्या-पाचव्या फेरीच्या शेवटच्या १० सेकंदांतला बघा. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने मोजतं, ते तर आणखी मागे राहतं. दांडा धरला किंवा पट्टा सैल असला की वाट्टेल ते दाखवतं. छातीचा पट्टा बरा.

त्यापेक्षा भरवशाची आहे दमाची पट्टी. ० ते १० मध्ये जोराचं मिनिट ७-८, आरामाचं ३. साधी कसोटी: जोराच्या शेवटच्या १५ सेकंदांत दोन-तीन शब्दांच्या पुढे बोलता येऊ नये, आणि आराम संपताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता यावं. वाक्य तुटत असेल तर पुढची फेरी ३० सेकंद उशिरा सुरू करा. आणि शेवटची फेरी पहिलीइतक्याच चढावर झाली पाहिजे. आठव्या फेरीला चढ उतरवावा लागला तर सुरुवात जास्त जोरात झाली होती.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल वगैरे) चालू असतील तर नाडीचे आकडे सरळ विसरा. औषधच नाडी दाबून धरतं. १५० गाठायच्या नादात माणूस जीव काढेल. तिथे फक्त दमाची पट्टी.

चारचौघी

तबाता चालेल का? ४ मिनिटांत होतं म्हणे.

आकडेमोड

मूळ तबाता वाचलं तर हा प्रश्न पडणार नाही. १९९६ चा जपानी अभ्यास: २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, ७-८ फेऱ्या, सायकलवर, कमाल प्राणवायू क्षमतेच्या १७० टक्के भाराने. करणारे होते शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी. मोबाइलच्या ॲपमध्ये २०-१० ची शिट्टी वाजते आणि माणूस जागच्या जागी हात हलवतो, त्याचा मूळ प्रकाराशी संबंध शिट्टीपुरता. १० सेकंदांत स्थूल माणसाचा श्वास खाली बसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच हालचाल बिघडते.

आराम जोराइतका किंवा त्याहून मोठा असलेले प्रकार यांच्यासाठी बरे. पट्टाचालक यांनी दिलेलं १० गुणिले १ मिनिट हे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पुष्कळ अभ्यासलं गेलंय. पुढे जायचं असेल तर नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमची ४ गुणिले ४ पद्धत आहे: ४ मिनिटं कमाल नाडीच्या ८५-९५ टक्क्यांवर, मध्ये ३ मिनिटं हलकी चाल, अशा ४ फेऱ्या. ती हृदयरुग्णांवरही देखरेखीखाली वापरली गेली. पण सलग ४ मिनिटं जोर धरणं हे कसब आहे, तीन महिन्यांच्या आत त्या वाटेला जाऊ नये.

मध्यमगती

वजन किती उतरणार ते कोणीतरी स्पष्ट सांगा. धाग्यात अजून कोणी तिकडे वळलेलं नाही.

आकडेमोड

सांगतो. १०० किलोचा माणूस, १० फेऱ्या, ५ चा वेग, ६ टक्के चढ. जोराच्या मिनिटाला २०.८ गुणिले १०० म्हणजे सुमारे २.०८ लिटर प्राणवायू. लिटरमागे ५ किलोकॅलरी धरल्या तर मिनिटाला १०, दहा मिनिटांत १०४. आरामाची १० मिनिटं सपाटीवर ताशी ४ ने, ५१. सुरुवात आणि शेवट मिळून ९ मिनिटं, ४६. बेरीज साधारण २००.

हा आकडा उदारच आहे. सूत्र स्थिर गतीचं आहे आणि यात बसून राहिलो असतो तरी लागल्या असत्या त्या कॅलरीही आहेत. 'नंतर दिवसभर चरबी जळत राहते' असं जे ऐकवतात, तो जादा खर्च व्यायामाच्या साधारण ६ ते १५ टक्के असतो. म्हणजे १२ ते ३० कॅलरी.

आठवड्याला तीनदा, ६००. एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी. खाणं तेच राहिलं तर एका किलोला १२-१३ आठवडे. दोन घास जास्त गेले किंवा 'आज व्यायाम झालाय' म्हणून उरलेला दिवस सोफ्यावर काढला, तर तेही नाही.

मध्यमगती

हेच हवं होतं. स्थूल व्यक्तींवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर हिट आणि मध्यम गतीचा सलग व्यायाम यांत चरबी आणि कंबरेचा घेर जवळजवळ सारखाच उतरतो. फरक वेळेचा, हिटला सुमारे ४० टक्के वेळ कमी लागतो.

ज्याला धाप लागणं सहनच होत नाही त्याने ४० मिनिटं भरभर चालावं. देखरेख सुटली की घरी हिट टिकवणारे महिन्यागणिक कमी होत जातात, हेही लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५०-३०० मिनिटं मध्यम किंवा ७५-१५० मिनिटं जोराचा व्यायाम असे दोन्ही रस्ते आहेत, मिसळही चालते. शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी.

नाडीपरीक्षा

सहमत, पण मग हिट करायचंच कशाला याचंही उत्तर द्यायला हवं. दम वाढतो. कमाल प्राणवायू क्षमता हिटने मध्यम व्यायामापेक्षा जास्त वाढते, आणि ती वाढली की काट्यावरचा आकडा हलला नाही तरी हृदयविकाराचा धोका कमी होतो. जिना चढून वर गेल्यावर बोलता येणं, हा बदल वजनाच्या कितीतरी आधी कळतो. यकृतातली आणि पोटाच्या आतली चरबीही वजन तेच असताना कमी होऊ शकते. काट्याऐवजी दर दोन आठवड्यांनी कंबर मोजा आणि त्याच वेगाला, त्याच चढाला पाचव्या फेरीची नाडी लिहून ठेवा. ती ८-१० ठोक्यांनी खाली आली की चढ १ टक्क्याने वाढवायचा.

गोडव्याधी

मधुमेहावर मला लिहायचं होतं.

व्यायामानंतर इन्सुलिनला शरीर जास्त चांगला प्रतिसाद देतं, तो परिणाम २४ ते ४८ तास, कधी थोडा जास्त टिकतो. एक दिवसाआड करण्याचं खरं कारण हेच. २०११ च्या एका छोट्या, फक्त ८ जणांच्या अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींनी दोन आठवड्यांत अशी ६ सत्रं केली. त्यांच्या २४ तासांच्या साखरेची सरासरी ७.६ वरून ६.६ मिलिमोलवर आली, म्हणजे साधारण १३७ वरून ११९ मिलिग्रॅम.

लोक घाबरतात ते वेगळ्याच गोष्टीला. जोराच्या व्यायामानंतर लगेच साखर मोजली तर ती वाढलेली दिसू शकते. ॲड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं, तासा-दोन तासांत ती खाली येते. ते पाहून इन्सुलिनचा जादा डोस घेऊ नका, कारण खरी घसरण नंतर, कधी रात्री झोपेत येते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड) चालू असणाऱ्यांनी आधी साखर मोजावी. ९० च्या खाली असेल तर १५-३० ग्रॅम कर्बोदकं घेऊन मगच सुरू करा. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी.

डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर हिट नको, आत रक्तस्राव होऊ शकतो. आणि पायाला बधिरपणा असेल तर दर वेळी मोजे काढून तळवा बघा, फोड आलेला कळत नाही.

पट्टाचालक

गोडव्याधी, हे मूळ लेखात असायला हवं होतं. कोणी आधी डॉक्टरांना विचारावं याची यादी कोणी देईल का?

नाडीपरीक्षा

हृदय, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा आजार माहीत असलेले. चालताना छातीत दाब येणारे. चक्कर येऊन पडलेले. उताणं झोपलं की दम लागणारे. घोरताना श्वास अडकतो आणि त्यावर उपचार नाहीत असे, कारण त्यांचा रक्तदाब अनेकदा न कळता वाढलेला असतो. त्या दिवशीचा रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर जोराचा व्यायाम नाही, औषधाकडे बघा.

मध्येच थांबायचं केव्हा: छातीत, जबड्यात किंवा हातात दाब, डोळ्यांपुढे अंधारी, नाडी वेडीवाकडी, किंवा थांबूनही ५ मिनिटांत न बसणारी धाप. यातलं काही झालं तर 'उद्या बघू' नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आणि शेवटच्या फेरीनंतर एकदम उभं राहू नये. पायांतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झालेल्या असतात, पोटऱ्यांची हालचाल थांबली की रक्त खाली साचतं आणि माणूस भोवळ येऊन पडतो. शेवटची ४-५ मिनिटं घाईत सोडून देतात, तीच सोडायची नाहीत.

दोन_चाकी

गुडघा आधीच झिजलेला असेल तर जागेवरची सायकल बरी, तिथे वजन सीट पेलते. पण सीट नीट लावा. पॅडल खालच्या टोकाला असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा. मग पंज्याने पॅडल धरलं की गुडघ्यात २५-३० अंशांचा वाक राहतो. सीट खाली राहिली की वाटीमागे दुखतं.

पोट मोठं असेल तर पॅडल वर येताना मांडी पोटाला लागते. गुडघा आपोआप बाहेर फेकला जातो आणि आतल्या बाजूने दुखू लागतो. हँडल वर घ्या, सीट थोडी मागे. तरीही लागत असेल तर पाठ टेकवायची बैठी सायकल घ्या. जोराच्या मिनिटात पाय ७०-८० फेऱ्यांच्या गतीने फिरावा. भार इतका चढवू नये की गती ५० वर येईल.

लोक दमामुळे सायकल सोडत नाहीत, बूड दुखलं म्हणून सोडतात. रुंद सीट, पॅडची चड्डी, आणि पहिले दोन आठवडे १५ मिनिटांच्या वर नाही. मशीन किती किलो पेलतं ते त्याच्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, बसण्याआधी वाचा.

चारचौघी

ट्रेडमिल-सायकल नसेल तर?

सांधेवाला

जिना. फक्त चढणं जोरात, उतरताना कठड्याला धरून सावकाश. उतरणं हाच आराम. झिजलेल्या गुडघ्याला मात्र उतरतानाच जास्त त्रास होतो, त्यांनी एका बुटक्या पायरीवर चढ-उतार करावी, १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. पाणी छातीपर्यंत असेल तर त्यात चालणं सर्वांत मऊ, पण पाण्यात नाडी १०-१५ ठोक्यांनी कमीच दिसते.

उड्यांबद्दल एक गोष्ट कोणी बोलत नाही. उडी मारताना लघवी निसटते म्हणून पुष्कळ बाया व्यायामच बंद करतात. चढावर चालताना किंवा सायकलवर हा त्रास सहसा होत नाही. त्यासोबत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्यावेत.

दम_लागला

मांड्या घासून सोलवटतात, त्यावर पेट्रोलियम जेली किंवा गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी. पंखा समोर हवाच, चरबीच्या थरामुळे उष्णता लवकर बाहेर पडत नाही. घाम गाळायचे प्लास्टिकचे जाकीट घालून हिट करणारे दिसले तर कृपया काढायला लावा, उतरतं ते पाणी.

चारचौघी

शेवटचा प्रश्न. आठव्या आठवड्यात आजारपणाने दोन आठवडे खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून?

पट्टाचालक

नाही. आठवडा ५-६ चा आराखडा घ्या आणि चढ आधीपेक्षा २ टक्के कमी. ताप उतरून दोन-तीन दिवस झालेले असावेत, आणि पहिलं सत्र नुसत्या सपाट चालण्याचं. त्यात नेहमीच्या वेगाला नाडी १० ठोके जास्त दिसली तर आणखी दोन दिवस थांबा.